ओवाळणीतले टायर आणि जड झालेलं स्टिअरिंग

वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात:

मी जुळे सोलापुरात राहते आणि मोहोळजवळच्या एका शाळेत गणित शिकवते. रोज जाऊन-येऊन सत्तरेक किलोमीटर माझी मीच गाडी चालवते. गाडी २०१५ची स्विफ्ट व्हीएक्सआय. गेल्या भाऊबीजेला पुण्याच्या धाकट्या भावानं ओवाळणी म्हणून तिला १६ इंची अलॉय आणि १९५/५५ आर१६ टायर घालून दिले. मूळचे १६५/८० आर१४ होते. गाडी दिसते देखणी, पण तेव्हापासून नवी पेठेत गाडी लावताना स्टिअरिंग जड लागतं. हायवेला गाडी कधी डावीकडं, कधी उजवीकडं ओढ घेते. खड्ड्यात दणका बसतो. दणका कमी व्हावा म्हणून पंपावरच्या मुलानं हवा २६ पीएसआय करून दिली. भाऊ म्हणतो, "टायर रुंद म्हणजे पकड जास्त. गाडी आता सेफ झालीय, तुझा हात अजून बसला नाही." घरचे म्हणतात, जुने लावून मोकळी हो. मला भावाचं मन मोडवत नाही. खरंच माझं चालवणं चुकतंय का? टायर ठेवू की काढू?

ताई,

तुमचं चालवणं चुकत नाही, हे आधी सांगते. एकच गाडी इतकी वर्षं त्याच रस्त्यावर चालवणाऱ्या माणसाच्या हाताला जे कळतं ते कुठल्याही मशीनला कळत नाही. स्टिअरिंग जड झालंय असं तुमचे हात सांगत असतील तर ते झालेलं आहे. प्रश्न आहे तो का झालं याचा. त्याचं उत्तर एका शब्दात मिळणार नाही, कारण तुमच्या पत्रात मला एक नाही, तीन-चार वेगवेगळ्या तक्रारी दिसतात आणि त्या सगळ्यांचं खापर तुम्ही एकट्या टायरच्या मापावर फोडताय.

भावाची बाजू आधी घेते, कारण त्यानं एक गोष्ट अगदी बरोबर केली आहे. तुम्ही गणिताच्या, म्हणून आकडे मांडते. १६५/८० आर१४ म्हणजे टायर १६५ मिलिमीटर रुंद, त्याची भिंत त्या रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर उंच, आणि आत १४ इंचांची रिम. दोन्हीकडच्या भिंती आणि रिम मिळून टायरचा पूर्ण व्यास भरतो ६१९.६ मिलिमीटर. आता नवीन टायर. १९५ च्या ५५ टक्के म्हणजे १०७ आणि थोडं, रिम १६ इंची, व्यास ६२०.९. फरक दीड मिलिमीटरसुद्धा नाही. म्हणजे तुमचा स्पीडोमीटर खोटं बोलत नाही, किलोमीटर नीट मोजले जातात, गाडीचा पिकअपही व्यासामुळं बदललेला नाही. अनेक जण इथंच घसरतात. गाडी उंच दिसावी म्हणून याच गाडीला कुणी २०५/६५ आर१५ घातले, तर व्यास साडेचार टक्क्यांनी वाढतो. मग काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी खरी ८३-८४ नं पळत असते. भावानं माप विचार करून निवडलेलं आहे, हे त्याला जरूर सांगा.

पण व्यास जुळला म्हणजे सगळं जुळलं, असं नाही. तो दीड मिलिमीटर सोडा, भिंतीचा फरक बघा. १३२ ची भिंत १०७ वर आली. जवळजवळ एक इंच रबर आणि हवा रिमच्या आणि खड्ड्याच्या मधून निघून गेली. दणका बसतो तो इथून. त्याच कमी उंचीच्या भिंतीचा फायदाही आहे. ती कमी लचकते, त्यामुळं स्टिअरिंग किंचित फिरवलं की गाडी लगेच ऐकते आणि हायवेला लेन बदलताना डोलत नाही. हे सुख खरं आहे, आणि पुण्याच्या चांगल्या रस्त्यावर भावानं ते अनुभवलं असणार. फक्त तुमच्या रोजच्या रस्त्यावर त्या सुखाचे क्षण किती आणि खड्डे किती, हे तुम्हीच मोजू शकता.

"रुंद म्हणजे पकड जास्त" हे वाक्य आपल्याकडं इतकं मुरलंय की त्यावर कुणी प्रश्नच विचारत नाही. विचारू या. तुमच्या गाडीच्या पुढच्या एका चाकावर, तुम्ही बसलेल्या असताना, साधारण तीनशे किलो भार येतो. टायरमध्ये ३० पीएसआय हवा असेल तर ती प्रत्येक चौरस सेंटीमीटरला सुमारे २.१ किलो पेलते. भागाकार करा, टायर जमिनीला टेकतो तो तुकडा साधारण १४० चौरस सेंटीमीटरचा येतो. पोस्टाच्या कार्डापेक्षा किंचित मोठा. (टायरची भिंतही थोडा भार उचलते, म्हणून हा हिशोब ढोबळ आहे, पण दिशा बरोबर आहे.) टायर रुंद केला म्हणून भार बदलत नाही, हवा तीच ठेवली तर हा तुकडाही फारसा मोठा होत नाही. त्याचा आकार बदलतो. अरुंद टायरचं कार्ड रस्त्याच्या दिशेनं उभं पडलेलं असतं, रुंद टायरचं आडवं.

या आडव्या कार्डाचे गुणदोष तुमच्या हातात येतात. कोरड्या रस्त्यावर वळताना ते चांगलं धरतं. पण गाडी उभी असताना किंवा अगदी सावकाश चालताना स्टिअरिंग फिरवलं की कार्डाच्या दोन्ही कडा रस्त्यावर जास्त घासतात, म्हणून जोर जास्त लागतो. तुमच्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग विजेच्या मोटरवर चालतं, आणि ती मोटर किती मदत करणार हे कंपनीनं आपल्या मूळच्या मापांचे टायर धरून ठरवलेलं आहे. साचलेल्या पाण्यात हेच आडवं कार्ड अरुंद टायरपेक्षा लवकर तरंगतं, कारण त्याला समोरचं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. म्हणजे पावसात, विशेषतः नक्षी झिजल्यावर, रुंद टायर कमी सुरक्षितही असू शकतो. नक्षीच्या खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्याइतकी, म्हणजे १.६ मिलिमीटर, उरली की टायर संपला. मी तिथपर्यंत जाऊच देत नाही, पावसाळ्याआधी टायर बदलते.

आता तुमच्या त्या २६ हवेकडं येते. सगळं पत्र वाचून मला काळजी वाटली ती याच वाक्याची.

तुमचा दणका कमी करायला पोरानं हवा काढली, मनानं चांगलंच केलं. पण वरचाच भागाकार पुन्हा करा. २६ हवेला तो तुकडा १४० वरून १६० च्या पुढं जातो. स्टिअरिंग जड होणारच. शिवाय पंपावर पोचेपर्यंत तुमचे टायर तापलेले असतात. टायर १० अंशांनी तापला की हवा साधारण दीड-दोननं वाढलेली दिसते. म्हणजे तिथं २६ दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरमध्ये ती २३-२४ च भरेल. एवढ्या कमी हवेवर बुटक्या भिंतीचा टायर खड्ड्यात गेला तर रबर रिमच्या कडेवर चेपतं, आतले धागे तुटतात आणि भिंतीवर फुगा येतो. असा फुगा आलेला टायर मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत, ९० च्या वेगात फुटू शकतो. म्हणून हे पत्र वाचून झालं की बाकी काही करण्याआधी चारही टायरच्या दोन्ही बाजूच्या भिंतींवर हात फिरवून बघा. आतली बाजू बघायला जरा वाकावं लागेल, पण वाका. लिंबाएवढा जरी उंचवटा लागला, तरी तो टायर त्या दिवशीच काढायचा.

हवा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत दिलेली असते, त्याखाली जाऊ नका. सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना मोजायची. दुपारी तापलेल्या टायरमध्ये जास्त दिसली म्हणून काढायची नाही. स्वतःचा हवा मोजायचा गेज घ्या, सोलापूरच्या उन्हाळ्यात तो कुंकवाच्या करंड्यासारखा हाताशी असावा.

आणखी एक परीक्षा आहे, ती तुमच्याइतकी सहज दुसऱ्या कुणाला जमणार नाही, कारण तुमच्या पर्समध्ये खडू असणारच. सकाळी घरासमोर, कोरड्या सपाट डांबरावर, टायरवर या काठापासून त्या काठापर्यंत आडवी जाड रेघ ओढा. गाडी सरळ वीस-तीस फूट हळू पुढं घ्या आणि उतरून बघा. रेघ सगळीकडं सारखी पुसली असेल तर हवा ठीक. मधली शाबूत आणि दोन्ही काठांची गेली तर हवा कमी. मधलीच गेली तर जास्त. एकाच काठाची गेली तर चाक तिरकं बसतंय, अलाइनमेंट बघायला हवं. माझ्या ओळखीचे अशोक चौकाकडचे एक जुने मिस्त्री नवीन माप घातलेल्या प्रत्येक गाडीला ही रेघ ओढून बघायचे. ओले बोट रेघेवरून फिरवत "बघा, इथं टायर जमिनीला टेकतच नाही" म्हणायचे, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की टायर रुंद असणं वेगळं आणि तो पूर्ण रुंदीनं टेकणं वेगळं.

हवा बरोबर केल्यावर चार दिवस चालवा आणि मग गाडीची ओढ नीट ओळखा. सपाट रस्त्यावर गाडी नेहमी एकाच बाजूला जात असेल तर ते अलाइनमेंट, किंवा दोन चाकांत वेगवेगळी हवा. (आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरते असतात, त्यामुळं डावीकडं किंचित कल कुठल्याही गाडीला असतो.) पण तुम्ही लिहिता, कधी डावीकडं, कधी उजवीकडं. लांबोटीच्या आसपास किंवा सावळेश्वर टोलच्या अलीकडं-पलीकडं असं होतं का, हे बघा. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर आणि जड ट्रक तापलेलं डांबर दाबतात, रस्त्यावर चाकोऱ्या पडतात. अरुंद टायर चाकोरीच्या आत मावतो. रुंद टायरचा एक काठ चाकोरीच्या चढावर चढतो आणि गाडीला तिकडं ढकलतो. ही ओढ रस्त्याप्रमाणं बाजू बदलते. ती तुमच्या हाताची चूक नाही, अलाइनमेंटनंही पूर्ण जाणार नाही. तो त्या मापाचा स्वभाव आहे. अशा वेळी स्टिअरिंगशी झटापट करू नका, दोन्ही हातांनी सैलसर धरून गाडी चाकोरीच्या जरा बाजूला ठेवा.

८०-९० च्या वेगात स्टिअरिंग थरथरत असेल तर तो वेगळाच मामला. बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं, करून घ्या आणि दुकानदाराला विचारा की अलॉयच्या मधल्या भोकात रिंग बसवली आहे का. बाजारातल्या बऱ्याच अलॉयचं मधलं भोक अनेक गाड्यांना चालावं म्हणून मोठं ठेवलेलं असतं. मारुतीचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला गोल भाग, त्यात सैल राहतो, आणि मधली पोकळी भरणारी ती छोटी रिंग घालायला दुकानदार विसरले तर चाक अगदी मध्यावर बसत नाही. वस्तू किरकोळ आहे, पण त्या पोकळीमुळं येणारी थरथर तिनं थांबते.

शेवटचं निदान, आणि याकडं बहुतेक जण दुर्लक्ष करतात. अलॉय आत-बाहेर किती बसतं, याला ऑफसेट म्हणतात. चाक मूळच्यापेक्षा बाहेर आलं की ते ज्या रेषेभोवती वळतं त्या रेषेपासून लांब जातं. मग एक चाक खड्ड्यात गेलं की स्टिअरिंगला हिसका बसतो, बेअरिंगवरही भार वाढतो. मडगार्डच्या काठावरून दोऱ्याला दगड बांधून ओळंबा सोडा. टायर दोऱ्याला लागत असेल तर चाक जास्तच बाहेर आहे. मग स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, मागं घरातल्या चार जणांना बसवून, हळू चालवा आणि ऐका.

मी ऐकलं नव्हतं. माझ्या पहिल्या छोट्या गाडीला १४५/८० आर१२ होते. एका दुकानात जुन्या रिमसकट १५५/७० आर१३ स्वस्तात मिळाले. व्यास फक्त दोन टक्के वाढणार होता, म्हणून मी निश्चिंत होते. रिमचा ऑफसेट वेगळा आहे हे दुकानदारानं सांगितलं नाही, मलाही विचारायचं सुचलं नाही. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेहून परतताना घरची सगळी मंडळी गाडीत होती. सात रस्त्याला वळताना पूर्ण कट मारला आणि डावीकडून घर्रर्र आवाज आला. मागं बसलेली आई म्हणाली, कुणाच्या अंगावर गेलो का गं? घरी येऊन टॉर्च मारून बघितलं तर मडगार्डच्या आतलं प्लॅस्टिक घासून चकचकीत झालं होतं आणि टायरच्या खांद्यावर काळ्या रबराची सोललेली पट्टी लोंबत होती. तो तळहाताएवढा चकचकीत डाग मला आजही डोळ्यासमोर दिसतो. आईला तेवढ्या अंतरात जी भीती वाटली, त्याबद्दल मी स्वतःला बरेच दिवस माफ करू शकले नाही.

आता ठेवू की काढू? तुम्ही दोनच पर्याय समोर धरलेत, तिसरा आहे, आणि मला तोच सगळ्यात योग्य वाटतो. तुमच्याच गाडीच्या झेडएक्सआय मॉडेलला कंपनी १८५/६५ आर१५ देत होती. व्यास ६२१.५, म्हणजे जवळपास तोच. भिंत १२० मिलिमीटर, जुन्या आणि नव्याच्या बरोबर मध्ये. रुंदी ठीक. स्टिअरिंग, स्प्रिंग, ब्रेक हे सगळं या मापावर कंपनीनंच चालवून बघितलेलं आहे. आपल्या मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला मिळतं ते माप ही माझी लक्ष्मणरेषा, आणि हे पत्र वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाचीही गाडी कुठलीही असो, त्यांनाही मी हेच सांगेन. "कंपनी पैसे वाचवायला बारीक टायर देते" असं दुकानात ऐकवतात. त्यात थोडं तथ्य आहे, बारीक टायर स्वस्तही असतो आणि मायलेजही जास्त देतो. पण खालच्या मॉडेलला जे मिळालं नाही ते वरच्याला मिळालेलं असतं. त्याच्याही पुढं जायचं असेल तर ती जबाबदारी आपली होते.

तरीही १६ इंची लगेच काढून फेका, असं मी म्हणणार नाही. भिंतींवर फुगा नसेल, ओळंबा पास झाला, तर हवा नीट करा, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करा, रिंग आहे का बघा. सगळं मिळून फार खर्च नाही. मग महिनाभर चालवा. माझा अंदाज, जडपणातला बराचसा भाग हवेबरोबर जाईल. चाकोऱ्यांतली ओढ आणि दणका राहील. तेवढ्यावर तुमचं भागलं तर ठेवा. नाही भागलं तर पावसाळ्याआधी १५ इंचीवर या. अलॉयचं दुकान अलॉय बदलून देतं, हे जवळजवळ नवे असल्यामुळं किंमतही बरी येईल. तेव्हा नवीन टायरच्या भिंतीवरचा शेवटचा चार आकडी अंक वाचा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. दोन वर्षं दुकानात पडून राहिलेला टायर नव्याच्या भावात घेऊ नका. टायरवर ८५, ८७, ८८ असा भाराचा आकडाही असतो. तुमच्या मूळ मापाचा ८५ म्हणजे ५१५ किलो, त्याखालचा कधीच नको.

घरी जुने १४ इंची अजून असतील तर एक संच जपून ठेवा, निदान स्टेपनी म्हणून. व्यास जवळपास तोच असल्यानं पंक्चर झाल्यावर गावापर्यंत चालेल, पण सावकाश. अलॉयचे नट आणि जुन्या रिमचे नट वेगळे असू शकतात. ते आजच दुकानात विचारून डिकीत ठेवा, रात्री सावळेश्वरला उभं राहून शोधायची वेळ येऊ नये. विमा कंपनीलाही अलॉय आणि बदललेलं माप लेखी कळवा आणि पॉलिसीत नोंद करून घ्या.

राहिला भाऊ. त्याला फोनवर तक्रार सांगू नका, ती ओवाळणीची तक्रार वाटेल. तो येईल तेव्हा एका सोमवारी सकाळी तुमच्याच वेळेला गाडीची किल्ली त्याच्या हातात द्या, तुम्ही शेजारी बसा. मोहोळपर्यंत त्याला चालवू द्या, परत येताना नवी पेठेत त्यालाच गाडी लावायला सांगा. टायर चांगलेच आहेत, फक्त रस्ता आणि चालवणारी बघून माप एक इंच खाली घ्यायचंय, असं म्हणालात तर तो स्वतःच दुकानात घेऊन जाईल. पंधरा इंचीवर आल्यावरही ती ओवाळणी त्याचीच राहते.

पण आधी हवा, आणि आधी खडू. रेघ कुठं पुसली, मध्ये की काठाला, ते मला नक्की लिहून कळवा.